डीबगरमधल्या पोर्टेबल बदलांचा रिव्ह्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीडीबी आणि एलएलडीबी या दोन डीबगरांच्या कोडमध्ये येणारे पॅच जे तपासतात, किंवा तपासायला सुरुवात करू पाहतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. दोन्ही डीबगर लिनक्स, विंडोज, मॅकओएस, फ्रीबीएसडी अशा अनेक सिस्टिमवर बिल्ड होतात आणि त्याहून कितीतरी जास्त प्रकारच्या प्रोसेसरवरचे प्रोग्रॅम डीबग करतात. सी++ येते आणि पॅच वाचायची सवय आहे, एवढे गृहीत धरले आहे.

नेहमीच्या प्रोग्रॅमची पोर्टेबिलिटी आणि डीबगरची पोर्टेबिलिटी यांत फरक काय?

नेहमीच्या प्रोग्रॅमला ज्या मशीनवर तो चालतो तेवढ्याशीच जमवून घ्यायचे असते. डीबगरला दोन मशीन सांभाळावी लागतात: तो स्वतः चालतो ते होस्ट, आणि ज्याच्या पोटात तो डोकावतो ते टार्गेट. विंडोजच्या लॅपटॉपवर बसून ३२-बिट एआरएम बोर्डवरचा लिनक्स प्रोग्रॅम डीबग करणे, किंवा एस३९०एक्स मेनफ्रेमवरून आणलेली कोअर फाइल (कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची साठवलेली प्रत) साध्या पीसीवर उघडणे, ही डीबगरची नेहमीची कामे आहेत.

म्हणून पॅचमधला प्रत्येक आकडा, पाथ, सिग्नल आणि स्ट्रक्ट यांना एकच प्रश्न विचारायचा: हे होस्टचे की टार्गेटचे? पॅच लिहिणाऱ्याच्या टेबलावर होस्ट आणि टार्गेट बहुधा एकच मशीन असते. गल्लत झाली तरी त्याच्याकडे सगळ्या टेस्ट पास होतात. ती पकडण्याची खरी संधी रिव्ह्यू करणाऱ्यालाच मिळते.

पॅच हातात आला की आधी काय बघायचे?

बदललेल्या ओळींच्या आधी बदललेल्या फाइलींची यादी बघा. दोन्ही प्रकल्पांनी होस्ट आणि टार्गेट यांची वाटणी फाइलींच्या जागेतच करून ठेवली आहे.

जीडीबीमध्ये ज्या फाइलीचे नाव ‘टीडेप’ने संपते तिच्यात टार्गेटचे ज्ञान असते, आणि ती कोणत्याही होस्टवर कंपाइल झालीच पाहिजे. ‘नॅट’ने संपणारी फाइल फक्त त्याच सिस्टिमवर बिल्ड होते. एखाद्या टीडेप फाइलीत पीट्रेसचा (दुसऱ्या प्रोसेसवर ताबा मिळवून देणाऱ्या युनिक्सच्या सिस्टिम कॉलचा) किंवा लिनक्सचा सिस्टिम हेडर आलेला दिसला, तर पुढचे वाचायच्या आधीच तेवढी टिप्पणी लिहून टाका. लेखकाच्या लिनक्सवर तो हेडर सापडतो, विंडोजवर सापडणार नाही.

एलएलडीबीमध्ये होस्टशी बोलणारा कोड ‘होस्ट’ डिरेक्टरीत असतो. तिच्यात कॉमन, पॉझिक्स, लिनक्स, मॅकओएसएक्स, विंडोज अशा उपडिरेक्टरी आहेत. चालू प्रोसेसशी बोलणारा कोड ‘प्रोसेस’ प्लगइनमध्ये असतो. ‘टार्गेट’ किंवा ‘कोअर’ डिरेक्टरीतल्या फाइलीत सिस्टिमच्या नावाचा इफडेफ दिसला, तर तो कोड होस्टमध्ये हलवता येईल का हे विचारा. बहुतेक वेळा येतो.

जीडीबीचा पॅच असेल तर कॉन्फिगर करताना ‘एनेबल-टार्गेट्स’ला ‘ऑल’ ही किंमत द्या. त्यामुळे सगळ्या टीडेप फाइली तुमच्या एकाच मशीनवर कंपाइल होतात. बिल्डला वेळ जास्त लागतो, पण या एका पर्यायाइतक्या चुका दुसरे काहीच पकडून देत नाही.

‘लाँग’ टाइप वापरला तर एवढा आक्षेप का घेतला जातो?

६४-बिट लिनक्स आणि मॅकवर लाँग ६४ बिटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर तो ३२ बिटांचाच असतो. टार्गेटचा पत्ता अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवला की विंडोजवर वरचे ३२ बिट मुकाट्याने गळून पडतात. कंपायलरची वॉर्निंग बंद असेल तर कोणाला पत्ताही लागत नाही.

साइझ-टी आणि पॉइंटर यांचेही तसेच. त्यांचा आकार होस्ट ठरवतो. ३२-बिट होस्टवरून ६४-बिट टार्गेट डीबग करताना दोन्ही अपुरे पडतात. टार्गेटच्या पत्त्यासाठी जीडीबीत कोअर-अ‍ॅडर आणि एलएलडीबीत अ‍ॅडर-टी हे टाइप आहेत. एलएलडीबीतला अ‍ॅडर-टी होस्ट कोणताही असो, ६४ बिटांचाच असतो. तिथे ‘अवैध पत्ता’ म्हणजे सगळे ६४ बिट एक असलेली किंमत. ती एकदा ३२-बिट व्हेरिएबलमध्ये जाऊन परत आली की मूळ किमतीशी जुळत नाही, आणि अवैध पत्ता वैध समजून कोड पुढे जातो. पत्ता मधल्या एखाद्या फंक्शनमधून जात असेल, तर त्या फंक्शनची सिग्नेचरसुद्धा उघडून बघा.

छापतानाही हीच गोष्ट. प्रिंटएफमध्ये ‘एलएक्स’ फॉरमॅट दिसला आणि किंमत ६४-बिट असली, तर तो बदलायला सांगा. जीडीबीत पत्त्यासाठी ‘पीअ‍ॅड्रेस’ आहे, एलएलडीबीत ‘फॉरमॅट-व्ही’ किंवा पीआरआय मालिकेतले मॅक्रो वापरावेत.

‘कॅरेक्टर’ टाइप तर सगळीकडे एक बाइटचाच असतो. त्यात काय तपासायचे?

त्याचे चिन्ह. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर, साधा ‘चार’ (हाच कॅरेक्टर टाइप) साइन्ड असतो. एआरएम, पॉवरपीसी, एस३९०एक्स आणि आरआयएससी-व्ही यांच्या लिनक्सवर तो अनसाइन्ड असतो. अ‍ॅपलच्या एआरएम मशीनवर मात्र पुन्हा साइन्ड. म्हणजे प्रोसेसर तोच असूनही सिस्टिम बदलली की उत्तर बदलते.

नेहमी सापडणारी चूक अशी: गेटॉप्टने परत दिलेली किंमत ‘चार’मध्ये ठेवायची आणि तिची उणे एकशी तुलना करायची. ‘चार’ अनसाइन्ड असेल तिथे ही तुलना कधीच खरी होत नाही, लूप संपत नाही. दुसरी चूक म्हणजे टार्गेटच्या मेमरीतले बाइट ‘चार’च्या बफरमध्ये घेऊन शिफ्ट करत जोडणे. १२८ किंवा त्याहून मोठा बाइट आला की साइन एक्स्टेन्शनमुळे वरचे सगळे बिट एक होतात. मेमरीच्या बफरसाठी यूइंट८-टी किंवा जीडीबीचा जीडीबी-बाइट मागा.

हे तपासायला एआरएम मशीन लागत नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्हींत ‘एफ-अनसाइन्ड-चार’ हा पर्याय आहे. एक्स८६ वरच तो लावून बिल्ड करा आणि युनिट टेस्ट चालवा.

टार्गेटच्या मेमरीतून आलेला बफर थेट होस्टच्या स्ट्रक्टवर कास्ट केलेला आहे. चालेल का?

नाही. एका ओळीत तीन चुका होतात, आणि कोणती कुठे उघडी पडेल ते मशीनवर अवलंबून असते.

पहिली बाइटक्रमाची. एस३९०एक्स बिग-एंडियन आहे (संख्येचा वरचा बाइट आधी), तुमचा पीसी लिटल-एंडियन (खालचा बाइट आधी).

दुसरी स्ट्रक्टच्या मांडणीची. ३२-बिट एक्स८६ लिनक्सवर स्ट्रक्टमधला ६४-बिट पूर्णांक ४ बाइटच्या सीमेवर बसतो, ३२-बिट एआरएमवर ८ बाइटच्या. दोन्ही ३२-बिट, दोन्ही लिटल-एंडियन, तरी फील्डचे ऑफसेट वेगळे. ६४-बिट डीबगरने ३२-बिट प्रोसेसची सिग्नल-माहिती किंवा कोअर फाइलमधली प्रोसेस-स्थिती वाचताना हाच घोळ होतो.

तिसरी अलाइनमेंटची. बफरचा पत्ता विषम असला तर एक्स८६ चालवून घेते. काही प्रोसेसर ट्रॅप देतात, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच अडवतात. भाषेच्या नियमाने तर हे अनिश्चित वर्तनच आहे, म्हणून ऑप्टिमायझर त्याचे काहीही करू शकतो.

योग्य मार्ग दोन्ही प्रकल्पांत तयार आहे. जीडीबीत एक्स्ट्रॅक्ट-अनसाइन्ड-इंटिजर हे फंक्शन लांबी आणि बाइटक्रम दोन्ही मागते. एलएलडीबीत डेटा-एक्स्ट्रॅक्टर आहे, तो बनवताना बाइटक्रम आणि पॉइंटरचा आकार द्यावा लागतो. रिव्ह्यूमध्ये एवढ्यावर समाधान मानू नका. तो बाइटक्रम आला कुठून ते बघा. पुष्कळदा एक्स्ट्रॅक्टर बरोबर वापरलेला असतो, पण त्याला होस्टचा बाइटक्रम दिलेला असतो.

गणिती क्रिया तरी सगळीकडे सारख्याच असतात ना?

डीबगर यूझरची एक्स्प्रेशन स्वतः मोजतो, त्यामुळे इथेही होस्ट आणि टार्गेट वेगळे आहेत. पूर्णांकाला शून्याने भागले की एक्स८६ ट्रॅप देते, ६४-बिट एआरएम शांतपणे शून्य परत करते. डीबगरच्या कोडमध्ये भागाकाराच्या आधी शून्याची तपासणी नसेल, तर एका होस्टवर डीबगर कोसळतो आणि दुसऱ्यावर चुकीचे उत्तर देतो. ३२-बिट किंमत ३२ घरांनी सरकवली तर एक्स८६ शिफ्टची संख्या ३१ पर्यंत कापते, ३२-बिट एआरएमवर उत्तर शून्य येते. रेंजबाहेरचा दशांश पूर्णांकात बदलला तर एक्स८६ सर्वांत लहान ऋण संख्या देते, एआरएम टोकाच्या किमतीवर थांबते.

लाँग डबल हा तर स्वतंत्र त्रास आहे. एक्स८६ लिनक्सवर तो ८० बिटांचा असतो आणि मेमरीत १२ किंवा १६ बाइट घेतो. ६४-बिट एआरएम लिनक्सवर तो १२८ बिटांचा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये आणि अ‍ॅपलच्या एआरएमवर तो साध्या डबलइतकाच, ६४ बिटांचा. टार्गेटचा लाँग डबल होस्टच्या लाँग डबलमध्ये घेऊन छापणारा पॅच स्वीकारू नये. एलएलडीबीत त्यासाठी एलएलव्हीएमचा एपीफ्लोट आहे, जीडीबी एमपीएफआर लायब्ररी वापरतो.

इफडेफ किती चालतात आणि कसे तपासायचे?

संख्येपेक्षा अट काय विचारते ते महत्त्वाचे. ‘लिनक्स असेल तर हे, नाहीतर ते’ अशी रचना दिसली की ‘नाहीतर’ या भागात कोण कोण येते ते मोजा. लेखकाच्या मनात फक्त मॅक असतो, प्रत्यक्षात तिथे विंडोज, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी सगळे जाऊन पडतात. अँड्रॉइड मात्र लिनक्सच्या भागात येतो, कारण तिथेही लिनक्सचा मॅक्रो असतो.

विंडोजच्या बाबतीत सिस्टिम आणि कंपायलर यांची सरमिसळ होते. ‘विन३२’ मॅक्रो ६४-बिट विंडोजवरही असतो. मिंगडब्ल्यूने (विंडोजसाठीच्या जीसीसीने) बिल्ड केले तर तो असतो, पण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचा मॅक्रो नसतो. सिगविनवर (विंडोजवरच्या युनिक्ससारख्या वातावरणात) विन३२ नसतो. प्रश्न सिस्टिमच्या एपीआयचा असेल तर सिस्टिमचा मॅक्रो हवा, कंपायलरच्या खोडीचा असेल तर कंपायलरचा.

एलएलडीबीत आणखी एक सापळा आहे. ‘एलएलडीबी-एनेबल’ने सुरू होणारे कॉन्फिग मॅक्रो नेहमी डिफाइन केलेले असतात, शून्य किंवा एक म्हणून. त्यांच्यावर इफडेफ लावला तर अट कायम खरी ठरते, पायथनशिवाय केलेल्या बिल्डमध्येसुद्धा. तिथे साधा ‘इफ’ हवा. आणि साधा इफ लावूनही कॉन्फिग हेडर समाविष्ट करायचा राहिला, तर माहीत नसलेला मॅक्रो शून्य धरला जातो आणि तो कोड सगळीकडूनच गायब होतो. एररही येत नाही. म्हणून असा मॅक्रो दिसला की फाइलीच्या डोक्याशी जाऊन हेडर आहे का ते बघायचेच.

पीट्रेस तर युनिक्सच्या सगळ्या भावंडांत आहे. मग त्याचा कोड एकत्र का ठेवत नाहीत?

नाव एक आहे, वागणे वेगळे. लिनक्सवर रजिस्टर वाचताना बफरचा पॉइंटर चौथ्या आर्ग्युमेंटमध्ये जातो, फ्रीबीएसडीवर तिसऱ्या. अदलाबदल झाली तरी कास्टमुळे कंपायलर तक्रार करत नाही. शिवाय ६४-बिट एआरएम लिनक्सवर जुनी गेट-रेग्ज विनंती नाहीच. तिथे गेट-रेग-सेट वापरावी लागते आणि बफर व लांबी आयओवेक स्ट्रक्टमधून द्यावी लागते.

लिनक्सवर ‘पीक’ ही मेमरी वाचण्याची विनंती वाचलेला शब्दच परत देते. मेमरीत खरोखर उणे एक असेल तर ती चूक आहे की किंमत, हे परत आलेल्या आकड्यावरून कळत नाही. कॉलच्या आधी एररनो शून्य करणे आणि नंतर तो तपासणे, दोन्ही ओळी पॅचमध्ये हव्यात. फ्रीबीएसडीवर एकाच विनंतीत मोठा तुकडा वाचण्याची सोय आहे. मॅकवर पीट्रेस नावापुरता उरला आहे. मेमरी आणि रजिस्टर मॅक कर्नलच्या टास्क आणि थ्रेड पोर्टमधून वाचावे लागतात.

विंडोजवर पीट्रेस नाही, पण एक नियम लिनक्ससारखाच आहे: ज्या थ्रेडने प्रोसेस सुरू केली किंवा तिला जोडून घेतले, त्याच थ्रेडने पुढचे काम करायचे. विंडोजवर वेट-फॉर-डीबग-इव्हेंट त्याच थ्रेडवरून बोलवावे लागते. लिनक्सवर ट्रेसर ही प्रोसेस नसून एक थ्रेड असतो, दुसऱ्या थ्रेडवरून केलेली विनंती ‘अशी प्रोसेस नाही’ म्हणून परत येते. पॅचमध्ये थ्रेड पूल किंवा असिंक आला असेल, तर त्यातून असा एखादा कॉल दुसऱ्या थ्रेडवर जातो का, हे मागपर्यंत शोधा.

अर्धवट वाचनही सांभाळून बघावे लागते. लिनक्सवर प्रोसेसची मेम फाइल वाचताना पुढचे पान नसेल, तर मिळाले तेवढे बाइट हाती येतात. विंडोजवर रीड-प्रोसेस-मेमरीला मागितलेला सगळा पट्टा वाचता यावा लागतो, नाहीतर कॉल फसतो आणि एरर २९९ मिळते. स्ट्रिंग वाचणारा कोड एकदम १,०२४ बाइट मागत असेल आणि स्ट्रिंग पानाच्या शेवटी असेल, तर लिनक्सवर ती दिसते, विंडोजवर नाही. पानाच्या सीमेवर तुकडे पाडून वाचणे हा उपाय आहे.

ब्रेकपॉइंटच्या कोडमध्ये नेमके काय तपासायचे?

ब्रेकपॉइंटच्या जागी लिहिल्या जाणाऱ्या सूचनेची लांबी आणि ट्रॅपनंतर प्रोग्रॅम काउंटर कुठे असतो, या दोन गोष्टी.

एक्स८६ वर ब्रेकपॉइंट एक बाइटचा, हेक्स सीसी. तो लागल्यावर काउंटर एक बाइट पुढे गेलेला असतो, म्हणून एक वजा करावा लागतो. ६४-बिट एआरएमवर सूचना ४ बाइटची आणि काउंटर तिच्यावरच थांबलेला. तिथे वजाबाकी केली की सगळेच बिघडते. ३२-बिट एआरएमवर थंब मोडमध्ये २ बाइटची सूचना लागते, एआरएम मोडमध्ये ४ बाइटची. पत्त्यावरचा कोड कोणत्या मोडचा आहे ते आधी ठरवावे लागते. आरआयएससी-व्हीवर ईब्रेक ४ बाइटचा आहे, पण कॉम्प्रेस्ड सूचना असतील तिथे २ बाइटचा सी-ईब्रेक लागतो. २ बाइटच्या सूचनेवर ४ बाइटचा ब्रेकपॉइंट लिहिला तर पुढच्या सूचनेचा घास घेतला जातो, आणि दुसऱ्या थ्रेडने तिथे उडी मारली की प्रोग्रॅम कोसळतो.

जीडीबीत हा वजाबाकीचा आकडा आर्किटेक्चरच्या माहितीत नोंदवलेला असतो. पॅचमध्ये नुसता ‘वजा एक’ दिसला तर तो आकडा तिथून घ्यायला सांगा.

वॉचपॉइंटमध्ये (मेमरीतली ठरावीक जागा बदलली की प्रोग्रॅम थांबवण्याच्या सोयीत) असाच पेच आहे. एक्स८६ लिहून झाल्यावर कळवते, एआरएम लिहायच्या आधी. एआरएमवर नवी किंमत दाखवायची तर वॉचपॉइंट तात्पुरता काढून एक पाऊल पुढे जावे लागते.

सिग्नलचे क्रमांक पॉझिक्समध्ये ठरलेले नाहीत का?

नावे ठरलेली आहेत, बहुतेक क्रमांक नाहीत. एक्स८६ लिनक्सवर १७ म्हणजे सिगचाइल्ड, मॅकवर १७ म्हणजे सिगस्टॉप. सिगबस लिनक्सवर ७, मॅक आणि फ्रीबीएसडीवर १०. आणि लिनक्सवरचा १० म्हणजे सिगयूझर-१. एमआयपीएस लिनक्सचे क्रमांक आणखी वेगळे.

म्हणून होस्टच्या सिग्नल हेडरमधले नाव वापरून टार्गेटचा सिग्नल ओळखणे चूक. जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलने (दुसऱ्या मशीनवरच्या सर्व्हरशी बोलण्याच्या पद्धतीने) स्वतःचे क्रमांक ठरवले आहेत. वायरवर तेच जातात आणि दोन्ही टोकांना भाषांतर करावे लागते. एररनोचेही असेच: ईअगेन लिनक्सवर ११, मॅकवर ३५. फाइल उघडण्याचे झेंडेही सिस्टिमगणिक बदलतात. होस्टच्या हेडरमधला असा कोणताही आकडा पॅकेटमध्ये जसाच्या तसा लिहिला जात असेल, तर पॅच थांबवा.

पाथच्या बाबतीत स्लॅशपलीकडे काय असते?

डीबग माहितीतला पाथ ज्या मशीनवर बिल्ड झाला त्याचा असतो, तो होस्टचाही नसेल आणि टार्गेटचाही नसेल. विंडोजवर बसून लिनक्सचा प्रोग्रॅम उघडला की ‘होम’ने सुरू होणारा पाथ समोर येतो. होस्टच्या नियमाने बघणारा कोड त्याला ड्राइव्ह नसलेला पाथ समजतो आणि अपूर्ण ठरवतो. एलएलडीबीत फाइलस्पेक बनवताना शैली देता येते, न दिल्यास होस्टची धरली जाते. टार्गेटचा किंवा डीबग माहितीतला पाथ शैली न देता फाइलस्पेकमध्ये घातलेला दिसला, तर लेखकाला विचारा. जीडीबीत ‘टार्गेट-फाइल-सिस्टिम-काइंड’ ही सेटिंग याच कामाची आहे.

ब्रेकपॉइंट लावताना यूझर ‘फाइल, कोलन, ओळ’ असे लिहितो. विंडोजच्या पाथमध्ये ड्राइव्हनंतरही कोलन असतो. पहिला कोलन शोधून तोडणारा कोड तिथे फसतो. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज मानत नाही, मॅकची नेहमीची फाइल सिस्टिमही मानत नाही, लिनक्स मानते.

विंडोजसाठी आणखी कशाकडे लक्ष द्यावे?

फाइल बायनरी मोडमध्ये उघडली आहे का ते बघा. टेक्स्ट मोडमध्ये कॅरेज रिटर्न गाळला जातो आणि हेक्स १ए हा बाइट फाइलीचा शेवट समजला जातो. कोअर फाइल किंवा ऑब्जेक्ट फाइल अशी उघडली की ती मध्येच ‘संपते’.

सॉकेट म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर नव्हे. तो क्लोज-सॉकेटने बंद करायचा, एरर एररनोमध्ये नसून डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एररमध्ये मिळते, आणि सिलेक्ट फक्त सॉकेटवर चालते, पाइप किंवा कन्सोलवर नाही.

विंडोजचा मुख्य हेडर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ नावाचे मॅक्रो आणतो, त्यामुळे स्टँडर्ड लायब्ररीतली त्याच नावाची फंक्शन मोडतात. एलएलडीबीने त्यासाठी स्वतःचा आवरण-हेडर ठेवला आहे, तोच वापरायला सांगा.

पानाचा आकार ४,०९६ धरला तर?

अ‍ॅपल सिलिकॉनवर तो १६ केबी असतो, ६४-बिट एआरएम लिनक्सवर कर्नलनुसार ४, १६ किंवा ६४ केबी. होस्टला विचारून मिळालेला आकार टार्गेटचा असेलच असेही नाही.

‘माझ्याकडे बिल्ड होते, दुसऱ्याकडे होत नाही’ याचे सर्वांत साधे कारण कोणते?

राहिलेला हेडर. एका स्टँडर्ड लायब्ररीत एक हेडर दुसऱ्याला आपोआप ओढून आणतो, दुसरीत नाही. जीसीसी १३ मध्ये लायब्ररीचे काही हेडर पूर्णांक टाइपचा हेडर आणेनासे झाले, आणि वर्षानुवर्षे चालत आलेले कितीतरी प्रकल्प बिल्ड होईनात. पॅचमध्ये यूइंट६४-टी नव्याने आला असेल तर त्याच फाइलीत त्याचा हेडर आहे का, एवढे बघायला दहा सेकंद लागतात.

दुसरे कारण म्हणजे क्रमावर विसंबणे. फंक्शनची आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने मोजायची हे भाषेने ठरवलेले नाही. क्लँग डावीकडून मोजतो, जीसीसी पुष्कळदा उजवीकडून. एकाच कॉलमध्ये दोनदा ‘पुढचे चार बाइट वाच’ असे लिहिले असेल, तर दोन कंपायलर किमती उलटसुलट भरतील.

माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे. इतर मशीनवर कसे तपासू?

एका लिनक्स लॅपटॉपवर बरेच काही होते. या क्रमाने करावे:

१. पॅच लावून जीसीसी आणि क्लँग दोन्हींनी बिल्ड करा. क्लँगच्या बिल्डमध्ये अनडिफाइन्ड-बिहेवियर सॅनिटायझर चालू ठेवा, चुकीचे शिफ्ट आणि अलाइनमेंट तो दाखवतो.

२. एक्स८६ वर ३२-बिट बिल्ड करून बघा. पत्ता साइझ-टीमध्ये किंवा पॉइंटरमध्ये ठेवला असेल तर इथे कळते.

३. जीडीबी असेल तर मिंगडब्ल्यूने विंडोजसाठी क्रॉस-बिल्ड करा. चालवता आले नाही तरी चालेल, नुसते कंपाइल झाले की बरेच काही सिद्ध होते.

४. टेस्ट रिमोट मार्गानेही चालवा. जीडीबीत ‘नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर’ हा टार्गेट बोर्ड निवडला की त्याच टेस्ट सर्व्हरमार्फत चालतात, आणि होस्टच्या माहितीवर चोरून विसंबलेला कोड उघडा पडतो.

५. परका टार्गेट हवा असेल तर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये प्रोग्रॅम चालवून त्याच्या डीबग पोर्टला जोडून घ्या.

पाचव्या पायरीत एक मर्यादा लक्षात ठेवा. क्यूईएमयूच्या यूझर मोडमध्ये पीट्रेस चालत नाही. डीबगर स्वतः त्यात चालवून लाइव्ह प्रोसेस डीबग करता येत नाही, फक्त युनिट टेस्ट आणि कोअर फाइलींच्या टेस्ट होतात. लाइव्ह प्रोसेससाठी सिस्टिम मोडमध्ये पूर्ण लिनक्स उभा करावा लागतो. तो संथ असतो, पण बिग-एंडियन होस्टची खात्री त्यानेच होते. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना जीसीसी कंपाइल फार्मवर खाते मागता येते, तिथे पॉवर आणि एआरएमसारखी खरी मशीन आहेत.

टेस्ट एखाद्या सिस्टिमवर वगळलेली असेल तर मान्य करावी का?

कारण लिहिले असेल तरच. ‘विंडोजवर चालत नाही’ हे कारण झाले नाही. विंडोजवर फोर्क नाही म्हणून टेस्ट वगळली, हे कारण झाले. वगळणे आणि ‘फेल होणे अपेक्षित आहे’ असे नोंदवणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात टेस्ट चालते, आणि पुढे कोणी दोष दुरुस्त केला तर ती अनपेक्षितपणे पास झाल्याचे दिसते. शक्य असेल तिथे दुसरा प्रकार मागा. टेस्ट हँग होत असेल किंवा मशीनच खराब करत असेल, तर मात्र वगळणेच बरे.

त्याहून चांगले म्हणजे सिस्टिमशी बांधलेली नसलेली टेस्ट. एलएलव्हीएममधल्या यामल-टू-ऑब्ज या साधनाने मजकुरातून हव्या त्या आर्किटेक्चरची ऑब्जेक्ट फाइल बनते. एस३९०एक्सची फाइल बनवून तिच्यावर टेस्ट लिहिली, तर बिग-एंडियन टार्गेटचा कोड प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तपासला जातो. टार्गेटच्या बाजूचा बदल असेल तर अशी टेस्ट आग्रहाने मागावी.

टिप्पणी कशी लिहावी म्हणजे लेखकाला उपयोग होईल?

‘हे पोर्टेबल नाही’ एवढेच लिहू नका. कोणत्या होस्टवर, कोणत्या टार्गेटसाठी, कोणती किंमत आली की काय होईल आणि त्याऐवजी काय वापरायचे, हे सांगा. उदाहरणार्थ: ‘६४-बिट विंडोजवर लाँग ३२ बिटांचा असल्याने ४ जीबीच्या वरचा पत्ता इथे कापला जाईल, अ‍ॅडर-टी वापरावा.’ लेखकाकडे विंडोज नसते. त्याला चूक पुन्हा घडवून बघता येत नाही, तुमच्या वाक्यावरूनच ती समजून घ्यावी लागते.

जे तुम्ही खरोखर चालवून बघितले ते आणि नुसते वाचून मत दिले ते वेगळे लिहा. जीडीबीच्या कमिटमध्ये ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा निराळ्या ओळी असतात. चालवले असेल तरच दुसरी द्या, आणि कोणत्या मशीनवर चालवले ते टिप्पणीत नोंदवा.

मी मंजूर केलेला पॅच विलीन झाल्यावर एखाद्या बिल्डबॉटवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या मशीनवर) फुटला. आता?

लॉग उघडून ते फुटणे खरोखर याच पॅचचे आहे का ते आधी बघा. असेल, आणि दुरुस्ती लगेच दिसत नसेल, तर पॅच मागे घ्या. एलएलव्हीएममध्ये मागे घेणे ही रोजची गोष्ट आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. मुख्य शाखा फुटकी राहिली तर त्या मशीनवर पुढे येणाऱ्या चुका आधीच्या लाल खुणेखाली दडून जातात. मागे घेण्याच्या कमिटमध्ये बॉटचे नाव, फुटलेली टेस्ट आणि एररची नेमकी ओळ लिहा, कारण बॉटचे जुने लॉग कायम राहत नाहीत. दुरुस्त पॅच परत आला की त्याच बॉटच्या कॉन्फिगरेशनने, म्हणजे त्याच कंपायलर आवृत्तीने आणि त्याच सीमेक पर्यायांनी, बिल्ड करून मगच पुन्हा मंजुरी द्या.